पोत्यांखालची जागा

घर विकत घ्यायच्या आधी मी ते इंजिनिअरकडून तपासून घेणार आहे, असं सांगितलं तेव्हा हॉटेलासमोर बाकड्यावर बसलेली माणसं हसली. एकाने विचारलं, सिस्टरबाई, घराला सलाईन लावायची का? मीही हसले, पण ठरवलेलं बदललं नाही. सरकारी दवाखान्यांतून जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई मी. तपासल्याशिवाय खोकल्याची गोळीसुद्धा कुणाला दिली नाही. मग ज्या छपराखाली माझी म्हातारी माय झोपणार, ते छप्पर नुसतं लांबून बघून घ्यायचं, हे मला पटणारं नव्हतं. घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याने बांधलेलं घर कसं पाहावं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

गाव आमचंच. सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडे. गावाच्या कडेला बौद्धवाड्यात आमचं दोन खणांचं मातीचं घर होतं. बाप गेल्यावर मी मायला हिंगोलीला माझ्याकडे आणलं आणि पुढच्या चार पावसाळ्यांत ते घर मातीला मिळालं. जागेवर चुलतभावाने घरकुल बांधलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रिकामी जागा कुणाच्या तरी उपयोगी पडली. पण माय तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर अडकली ती अडकलीच. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे कापसाच्या वेचणीत कधीच गेलेले. सकाळ-संध्याकाळ ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. मी एकदा म्हटलं, बघ की, इथूनही रस्ता दिसतो, माणसं दिसतात. ती म्हणाली, "वरून मान्साची टाळकी दिसतात, पोरी. तोंडं न्हाई दिसत."

ऐंशी ओलांडलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मला खाली ने, गावाकडं ने. एवढंच. मी निवृत्त झाले त्याच वर्षी गावातलं गुरुजींचं घर विकायला निघालं, आणि मला वाटलं, जुळून आलं.

गुरुजींचं घर म्हणजे गावाच्या मुख्य आळीतलं, तीन खोल्यांचं, दगडी जोत्याचं, वर स्लॅब. ते बांधलं तेव्हा मी सातवीत होते. माय त्या बांधकामावर मजुरीला होती, जोत्यापासून स्लॅबपर्यंत. गुरुजींनी मला शिकवलं, पुढे नर्सिंगचा फॉर्मही त्यांनीच भरून दिला, ते आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो घर विकत होता. त्या आळीत आम्ही कामाला जायचो, राहायला नाही. त्या आळीत मायचं स्वतःचं दार असावं, संध्याकाळी तिने त्या दारात बसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने 'काय मावशी, जेवण झालं का' म्हणून विचारावं, असं मला फार वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही.

तपासणीचा हट्ट धरायला आणखी एक कारण होतं. आमच्या भागात अधूनमधून जमीन गुरगुरते. फडताळातली भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, थोडा वेळ उभी राहतात आणि परत आत जातात. लोकांना आता त्याची सवय झाली आहे. मला झालेली नाही.

इंजिनिअर हिंगोलीचेच, निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक हातोडी, ओळंबा, बॅटरी आणि पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. पहिल्या दिवशी त्यांनी स्लॅबवर चिखलाचे बांध घालून पाणी साठवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी खालून बॅटरी मारून ओल कुठे उतरली का ते बघितलं. भिंतीला ओळंबा लावला, गिलावा हातोडीने वाजवला, जोत्याच्या बाहेर एक खड्डा खणून पाया किती खोल गेला आहे ते मोजलं. आळीतल्या बाया कामं सोडून बघायला आल्या. एकीने मला सांगितलं, आमच्या पोरीची सोयरीक केली तवा पोराला बी एवढं पारखलं न्हवतं. मी म्हटलं, तिथेच चुकलं तुमचं. ती खळखळून हसली, जावई बहुतेक तसाच असावा.

घराच्या मागे मोरी होती, ती नंतर वाढवलेली. तिची भिंत अशी तडकली होती की फटीत अख्खा हात जावा. इंजिनिअरांनी सांगितलं, जुनं गाव पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर वसलेलं असतं आणि शेत काळीत. पांढरी जागची हलत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं सगळं ओढून नेते. ही मोरी काळीत उतरली आहे, ती पाडा, घर पांढरीवर आहे. मी त्या फटीचे चार बाजूंनी फोटो काढले. विकणाराही तिथेच येऊन उभा राहिला, आळीतली माणसंही. सगळ्यांचा जीव त्या फटीत अडकला होता.

मधल्या खोलीत खिडकीकडच्या कोपऱ्यात सोयाबीनची पोती होती, खांद्याइतकी उंच थप्पी. गुरुजींची जमीन बटईने करणाऱ्याने ती ठेवली होती. भाव आला की हलवतो, असं तो म्हणाला. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य एकदा उच्चारलं की पुढे कुणी बोलत नाही. भावाची वाट बघणारं सोयाबीन हलवा म्हणणं म्हणजे कसंबसं झोपलेलं तान्हं लेकरू उठव म्हणण्यासारखं आहे. मी म्हटलं नाही, इंजिनिअरही म्हणाले नाहीत. त्यांनी पोत्यांच्या भोवतालची फरशी तपासली आणि पुढच्या खोलीत गेले.

आठवडाभराने अहवाल आला. अकरा पानं, फोटोंसह. स्लॅब चांगला, भिंती ओळंब्यात, पाया पुरेसा, मोरी पाडून नवी बांधावी. शेवटच्या पानावर एक ओळ होती: मधल्या खोलीचा खिडकीकडील कोपरा माल साठवलेला असल्यामुळे तपासता आला नाही. ती ओळ मी वाचली. वाचली आणि पान मिटलं. वॉर्डात नव्याने आलेल्या पोरींना मी वर्षानुवर्षं बजावत आले की चार्टावर लिहिलेलं नंतर वाचा, जागा कुठे कोरी सोडली आहे ते आधी बघा. तीच मी.

तो अहवाल मी मायला मोठ्याने वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, मधल्या खोलीतल्या कोपऱ्याचं काय लिवलंय? मी सांगितलं, तिथे पोती आहेत, बघता आलं नाही. ती 'हं' म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

इसार द्यायच्या चार दिवस आधी मी तिला घर दाखवायला नेलं. पायऱ्या तिने दोन्ही हात टेकून चढल्या आणि उंबऱ्यात जरा थांबली. बांधकाम झाल्यापासून ती या घरात आली नव्हती, फरशी बसल्यावर मजूर बायांना आत काही काम उरत नाही. मी उत्साहात होते. मधल्या खोलीत हातवारे करून तिला सांगत सुटले की तुझी कॉट इकडे दाराजवळ, म्हणजे रात्री उठलीस तर मोरी जवळ पडेल. माझी कॉट त्या कोपऱ्यात, पोती गेली की. तिथे खिडकीही आहे आणि प्लगही आहे.

माय म्हणाली, "तिथं मी झोपते. तू दाराजवळ टाक तुही कॉट."

मी म्हटलं, अगं, तुला लांब पडेल. ती परत तेच म्हणाली. मी परत तेच म्हणाले. म्हातारी माणसं कधीकधी एखाद्या गोष्टीवर अडून बसतात, तसं असेल असं समजून मी विषय बदलला. परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, दमली असेल.

इसाराच्या दिवशी ओट्यावर सतरंजी अंथरली होती. गुरुजींचा मुलगा पुण्याहून आला होता, दोन साक्षीदार होते, चहा झाला. इसारपावती त्याने एकदा वाचली, मी एकदा वाचली. मायला खुर्ची दिली होती. मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि माय म्हणाली, "जरा थांब. आधी ती पोती उचला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मुलगा अदबीने म्हणाला, मावशी, पुढच्या आठवड्यात रिकामं करून देतो. ती म्हणाली, आत्ता उचला. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात असं काहीतरी होतं की साक्षीदारांपैकी एक जण उठलाच. मग चौघांनी मिळून पोती दुसऱ्या भिंतीला लावली. माय काठी टेकत आत गेली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने काठीने फरशीवर ठोकलं, घट्ट आवाज आला. दोन पावलं पुढे सरकून ठोकलं, तसाच आवाज. मग कोपऱ्यात जाऊन ठोकलं, आणि रिकाम्या रांजणावर हात मारावा तसा आवाज आला.

"हितं पेव हाय," ती म्हणाली. "आर्धंच भरलेलं. म्या सवता भरलंय."

पेव म्हणजे पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खणत तो खड्डा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. पांढरीत ओल धरत नाही म्हणून ते गावातच खणत. मायने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जोतं भरताना या पेवाचं तोंड लागलं. गवंड्याने चार बायांना ते भरायला लावलं. त्यांनी दोन दिवस दगडगोटे आणि मुरूम वाहिला, मग मुरूम संपला. गुरुजींच्या घरभरणीचा दिवस ठरलेला होता. गवंड्याने तोंडावर दगडाची चीप टाकली, वर फरशी बसवली आणि बायांना सांगितलं, गुरुजीच्या कानावर गेलं तर पुढच्या कामाला एकीलाही बोलावणार नाही. त्या बायांतल्या तिघी आता नाहीत, गवंडीही नाही. गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा मुलगा पोत्यावर बसला. वडिलांचा पलंग वीस वर्षं तिथेच होता, असं तो म्हणाला. मग म्हणाला, मावशी, आधी सांगायचं. माय म्हणाली, "व्हय. आधीच सांगायचं होतं." मी पेनाला टोपण लावलं आणि पर्समध्ये ठेवलं.

जीपमध्ये मी तिच्याकडे पाठ करून बसले. मला संताप आला होता. चारचौघांत फजिती झाली म्हणून नाही, आपल्याच मायने आपल्यापासून लपवलं म्हणून. सेनगावच्या स्टँडवर हिंगोलीच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. शेवटी मीच बोलले. म्हटलं, त्या वेळी गप्प बसलीस ते मला समजतं. हातावरचं पोट होतं, आम्ही लहान होतो. पण मी अकरा पानं वाचून दाखवली तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

ती पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "तवा सांगितलं अस्तं तर तू घर घेतलं नस्तं. मला म्हाईत हाय तू कशी हायेस ते. मला खाली यायचं होतं, पोरी."

"मग आज काहून सांगितलं?"

"तू तुही कॉट तिथं टाकली," ती म्हणाली. "म्या म्हनलं, मी झोपते तिथं. तू ऐकून न्हाई राहिली. मग काय करू?"

गाडी लागली तरी मी बसूनच होते. म्हणजे चार दिवस तिने मनात हिशोब केला होता. स्वतः पेवावर झोपायची तिची तयारी होती, ते तिला चालणार होतं. मी झोपलेली चालणार नव्हती. आणि माझा जीव कोपऱ्यातून हलवायचा दुसरा उपाय उरला नाही, तेव्हा तिने जन्मात मागितलेली एकुलती एक गोष्ट आपल्या हाताने सोडून दिली. मला माझी लाज वाटली. मी तिचा हात धरून तिला गाडीत चढवलं, तेव्हा ती म्हणाली, आता तिसरा मजलाच बरा. मला ते वाक्य अजून टोचतं.

घरी आल्यावर मी इंजिनिअरांना फोन केला. कुणावर तरी राग काढायचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शेवटचं पान बघा, मी लिहिलं होतं. मी म्हटलं, बघितलंय. मग ते म्हणाले, पण पोती हलवा म्हणायला पाहिजे होतं मी. दुसऱ्या दिवशी ते न बोलावता गावाला गेले, मग मीही गेले.

गुरुजींच्या मुलाला विचारून फरशी काढली, खालची चीप पहारीने सरकवली. पेवात खराब हवा साठते, उघडल्या-उघडल्या उतरलं तर माणूस गुदमरतो, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं आणि मलाही. असल्या हवेने विहिरीत बेशुद्ध झालेली माणसं मी दवाखान्यात पाहिली होती. म्हणून दोन दिवस तोंड उघडं ठेवायला लावलं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही. उजेडात दिसलं की भराव बसत बसत बराच खाली गेला होता. वर पुरुषभर पोकळी होती. दगडगोट्यांवर बूड गेलेलं एक घमेलं पडलेलं होतं. मधल्या भिंतीचा पाया त्या पोकळीपासून दोन हातांवर होता. मी विचारलं, किती दिवस टिकलं असतं? इंजिनिअर म्हणाले, आणखी चाळीस वर्षं टिकलं असतं, नाहीतर नळ फुटून पाणी मुरलं असतं तर एका पावसाळ्यात गेलं असतं. सांगता येत नाही.

पण भरता येईल, असंही ते म्हणाले. थराथराने मुरूम टाकायचा, पाणी मारून चोपायचा, वरचा भाग काँक्रीटने भरायचा आणि त्यावर सळ्या घालून स्लॅब टाकायचा. हे काम गुरुजींच्या मुलाने स्वतःकडे घेतलं. वडिलांच्या घरातलं काम आहे, मीच करतो, म्हणाला. पेव भरलं की घर घेऊ, असं मी मायला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, मी तिचं मन राखायला बोलते आहे. मग मी तिला घेऊनच गेले.

मुरूम पडत होता तेव्हा माय कोपऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती. थोड्या वेळाने उठली आणि एका बाईकडून घमेलं मागून घेतलं. इंजिनिअर म्हणाले, मावशी, राहू द्या. तिने त्यात चार मुठी मुरूम घेतला, कमरेला लावून आणला आणि पेवाच्या तोंडात ओतला. घमेलं परत देताना म्हणाली, आर्धं राह्यलं होतं. त्या बाईला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

खरेदीखत झालं आणि वैशाखात आम्ही राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं, मी स्वयंपाकघरात गॅस जोडून घेत होते. मधल्या खोलीत परत आले तर मायची कॉट कोपऱ्यात लावलेली, माझी दाराजवळ. उतरवणाऱ्या माणसांना तिने परस्पर सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं, आता या घरातली सगळ्यात पक्की जागा तीच आहे, इंजिनिअर म्हणाले तिथे हत्ती उभा करा. आता कशाला तिथे? तुला मोरी लांब पडेल.

"पडू दे," ती म्हणाली. "खाली काय हाय ते मला म्हाईत हाय. जरा हाललं तर आधी मला कळंल. तू दाराजवळ हायेस. तू भाईर पळ."

मी माझी गादी दाराजवळच्या कॉटवर टाकली. संध्याकाळी ती आता दारात बसते. येणारे-जाणारे तिला विचारतात, मावशी, जेवण झालं का, आणि ती त्यांची तोंडं बघून उत्तर देते. झोपायच्या आधी मात्र ती कॉटवर बसून काठीने फरशीवर एकदा ठोकते. कान देऊन ऐकते. मग मला म्हणते, झोप आता.